आई, अपडेट दाबू नकोस

४ ऑगस्ट, सकाळ
आजपासून रोज डायरी लिहिणार. मोठी माणसं लिहितात. नववीत शाळा सोडल्यामुळे अक्षर असं आहे, पण वाचणारा मीच, त्यामुळे चालेल.
दुसरा संकल्प: आईला दर रविवारी व्हिडिओ कॉल. गेला रविवार राहिला. त्याच्या आधीचाही. दुकानात गर्दी होती. एका रविवारी दुकान बंद होतं, पण त्या दिवशी मी झोपलो होतो.

५ ऑगस्ट
ताईने फोटो पाठवला, आईच्या फोनच्या स्क्रीनचा. व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप म्हणतंय, तुमच्या फोनची सिस्टीम जुनी आहे, यापुढे हे अ‍ॅप चालणार नाही.
फोन माझाच. घर सोडताना आईला दिला. कोपऱ्यात तडा होता. म्हणालो होतो, मे महिन्यात येताना नवा आणतो. मेमध्ये जाणं झालं नाही. नवा फोन मात्र घेतला. मला. मोबाइल रिपेअरवाल्याच्याच हातात जुना डबा असेल तर गिऱ्हाईक काय म्हणेल? मालकाच्या धंद्याचा प्रश्न आहे.
आईला साधाच फोन लावला. म्हणाली, आवाजावरून तू जेवलास का ते कळत नाही, तोंड बघितलं की कळतं. म्हटलं, काळजी करू नकोस, आपली लाइनच ही आहे. घरी सांगितलंय की मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी काचा बदलतो. पण काचेच्या आत सॉफ्टवेअरच असतं.

६ ऑगस्ट
दुकानात एक आजोबा तसलाच फोन घेऊन आले. तक्रारही तीच. मी सवयीने म्हणालो, बाबा, हा आता भंगारात, नवा घ्या. ते म्हणाले, जुना तर मीही आहे, मला कुठे टाकतोस? मालक हसले. मला जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.
आईचा फोन भंगारात जाऊ देणार नाही. ठरलं.

७ ऑगस्ट
बाजूच्या टेबलावरच्या कारागिराला सगळे चष्मा म्हणतात. सॉफ्टवेअरचं खरं काम तोच करतो. एका गिऱ्हाइकाचा फोन आहे असं सांगून त्याला विचारलं. म्हणाला, अ‍ॅप एकटं चालत नाही, फोनमधल्या बारक्या बारक्या फाइलींच्या खांद्यावर उभं असतं. नव्या अ‍ॅपला नव्या फाइली लागतात आणि त्या जुन्या सिस्टीमवर बसत नाहीत. मग जुनं व्हर्जन शोधून टाकायचं आणि अपडेट बंद करून ठेवायचं.
एवढंच? हे मलाही सुचणारच होतं.

९ ऑगस्ट
जुनं व्हर्जन सापडलं. आईला फोनवरून एकेक बटण सांगत गेलो. मी सेटिंग म्हटलं की ती म्हणायची, थांब, गॅस बारीक करून येते. मध्येच शेजारणीच्या मुलीचं जमल्याची बातमी, गळणारी टाकी, आणि तुझा घसा का बसलाय. शेवटी अ‍ॅप चालू झालं. आई दिसली. कपाळ आणि अर्धा डोळा. म्हणाली, वाळलास.
आईकडून अपडेट बंद करून घेतलं. मानलं पाहिजे आपल्याला. एवढं बोलणं झालंय की आता आठवडाभर फोन केला नाही तरी चालेल.

१३ ऑगस्ट
ताईचा फोटो. पुन्हा तोच मेसेज. अ‍ॅप आपोआप अपडेट झालंय. मी स्वतः सांगून बंद करून घेतलं होतं. आईला विचारलं तर म्हणाली, मला मेलीला काय कळतंय त्यातलं.
व्हायरस असणार.

१८ ऑगस्ट
पुन्हा बसवलं, पुन्हा बिघडलं. हुशार व्हायरस आहे. मी रोज फोन केला की गप्प असतो, एखादा दिवस चुकवला की उठतो. चष्म्याला सांगितलं तर तो चष्म्यावरून माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्याच्याही डोक्याबाहेरचं दिसतंय.
ताईचं वाईट वाटतं. घरचं सगळं आवरून, पोरांना शाळेत सोडून बसने आईकडे जायचं, फोटो काढायचा, मला पाठवायचा. आणि मी इथे पंख्याखाली. ताईचे आभार मानायचे. रविवारी.

२१ ऑगस्ट
आता जुनं व्हर्जनच म्हणतंय, माझी मुदत संपली. चष्म्याने युक्ती सांगितली: फोनची तारीख मागे न्यायची, अ‍ॅपला वाटतं मुदत शिल्लक आहे. मशीनला असं फसवता येतं हे ऐकून बरं वाटलं.
आईच्या फोनवर एप्रिल लावून घेतला. चाललं. आई म्हणाली, बरं झालं रे, म्हणजे मे महिना अजून यायचाय. मेमध्ये तू येणार आहेस ना.
म्हटलं, आई, नेटवर्क जातंय.
नेटवर्क जात नव्हतं.

२२ ऑगस्ट
मालकांकडे सुट्टीचा विषय काढणार होतो. त्यांचा नकार होता. विचारलं नाही, पण चेहऱ्यावरून कळतं.

२५ ऑगस्ट, दुपार
पुन्हा बिघडलं. ताईने पाठवलेला फोटो बघत बसलो होतो, चष्मा मागून वाकला. म्हणाला, हा फोटो कशाने काढलाय? म्हटलं, फोनने, आणखी कशाने. त्याने बोटांनी फोटो मोठा केला. मेसेजच्या भोवती काच काळी आहे, आणि त्या काळ्यात आई दिसते. दोन्ही हातांत दुसरा फोन धरून उभी.
चष्मा म्हणाला, मागे तीन कॅमेरे आहेत, तुझ्या फोनपेक्षा नवा आहे, तुझं गिऱ्हाईक जोरात आहे.
 म्हटलं, हो, गिऱ्हाईकच जोरात आहे.

२६ ऑगस्ट
ताईला फोन केला. ती आधी हसली, मग हसायची थांबली. नवा फोन तिनेच दिलाय, जूनमध्ये. ती रोज वगैरे जात नाही. आई फोटो काढून तिला पाठवते, ती मला पाठवते. मला सांगायचं नाही ही आईची ताकीद.
का, म्हणून विचारलं. ताई म्हणाली, जूनमध्ये तू आईला किती फोन केलेस ते आठव. आठवायला वेळ लागला नाही. म्हणाली, फोन बिघडला आणि तुझा रोज फोन यायला लागला, म्हणून आई म्हणते, राहू दे बिघडलेला.
मग मी बंद केलेलं अपडेट कोण चालू करत होतं? ताई म्हणाली, कुठे दाबायचं ते मी दाखवलं, पुढचं आईने पाठ केलं.
संध्याकाळी एका गिऱ्हाइकाची नवी काच बसवताना फोडली. मालक बोलले. बरं वाटलं.

२७ ऑगस्ट
सुट्टी मागितली. खरोखर मागितली. मालक म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. मी बरं म्हणालो. जरा लवकरच म्हणालो.

२८ ऑगस्ट
ठरवलं होतं, आईला आज सरळ सांगायचं, मला सगळं कळलंय, तो नवा फोन घे आणि माझं तोंड बघ.
फोन लावला. आईने विचारलं, सापडला का रे बिघाड? मी म्हणालो, नाही गं, व्हर्जन जुळत नाहीये, बरेच दिवस लागतील. ती म्हणाली, लागू देत, घाई करू नकोस, नीट कर.
तेवढ्यात तिकडे तिचा नवा फोन वाजायला लागला. चांगला वाजला. आम्हा दोघांनाही ऐकू आला नाही.