मेघगर्ज, मौनी आणि बेचाळीस फुगे

३ जून, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. रोज फक्त पाच ओळी. पाल्हाळ बंद.

काल पुतणी आली होती. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, एकतीस वर्षांत या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. ही मात्र येते, माझ्या गोळ्या मोजते, दटावते आणि जाते. आमचं जुनं कॉमिक पुन्हा छापायला एक प्रकाशक तयार झालाय म्हणे. ‘मेघगर्ज आणि मौनी.’ एका अंकात दोन महावीर. मेघगर्ज माझा, तो फक्त पद्यात बोलतो. मौनी धाकट्याचा, तो बोलतच नाही. लेखन माझं, चित्रं त्याची. मूळ पानं ती ठेवून गेली. त्यांवर चिकटवलेले संवादांचे फुगे डिंक वाळून गळून पडलेत. कुठला फुगा कुठे, ते मलाच ठाऊक.

जाताना म्हणाली, काका, बाबांची नजर झपाट्याने चाललीय, डॉक्टर म्हणतात फार तर महिना. ही पानं त्यांना एकदा तुमच्याशेजारी बसून बघायचीयत. विचारलं, असं तो स्वतः म्हणाला? म्हणाली, ते म्हणाले, दादाला सवड असेल तर.

सवड! माझ्याकडे दुसरं आहे काय? रविवारी जाणार. नक्की.

(पाच ओळी उद्यापासून.)

४ जून
विचार केला. जोडअंकाचा नियम साधा आहे. दोन महावीर आधी गैरसमजाने भांडतात, मग हात मिळवतात. ज्याने पहिला ठोसा मारला, त्याने हात पुढे करायचा. सातव्या पानावर पहिला ठोसा मौनीचा. म्हणजे फोन धाकट्याने करायला हवा. मुलीकरवी निरोप हा फोन नव्हे.

८ जून, रविवार
फोन एकच आला. विमा घेता का म्हणून. त्या बाईंना मेघगर्जाच्या चार ओळी ऐकवल्या. त्यांनी ठेवला. गेलो नाही.

११ जून
पुतणीने मोबाइलवर वाचकांचं एक पान उघडून दिलं. जुने अंक जपलेली मंडळी तिथे स्टार देतात. त्यांची मापं ठरलेली: दोघांना सारखी पानं मिळाली का, भांडण पटतं का, एकत्र येऊन दोघं काही करतात का. आमच्याबद्दल एकाने लिहिलंय, भांडण सोळा पानं, मैत्री दीड पान, एवढा उशीर कशाला? अरसिक. याला विरह माहीत नाही. दुसरा लिहितो, मेघगर्ज गप्प बसतो तेव्हा हा अंक सुंदर आहे. म्हणजे मेघगर्जावर त्याचं सतत लक्ष आहे. तिसरा म्हणतो, नीट बघा, सातव्या पानावर पहिला ठोसा मेघगर्जच मारतो.

मूळ पान काढून बघितलं. चित्रकाराची चूक.

यापुढे रिव्ह्यू वाचायचे नाहीत.

१२ जून
सकाळी वाचले. दुपारी वाचले. चारच्या चहानंतर टोपणनावाने स्वतःच पाच स्टार दिले. लिहिलं, “काव्य अप्रतिम!” लगेच खाली कुणीतरी विचारलं, आजोबा, तुम्हीच लेखक का? आजोबा हे त्याला कसं कळलं, कळत नाही.

१५ जून, रविवार
गुडघा. गेलो नाही.

गुडघा ठीक आहे. इथे लिहायला काय हरकत, वाचणार कोण? एकतीस वर्षांपूर्वी आम्ही वाचकांना विचारलं होतं, तुमचा आवडता महावीर कोण? मौनीला दोनशे बारा पत्रं, मेघगर्जाला नऊ. त्यांतली चार माझ्या अक्षरात. धाकट्याने ती चार बाजूला काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाला, दादा, ही तुझी राहिली. हसला असता तर चाललं असतं. तो हसला नाही. मी म्हणालो, तुझी चित्रं बघतात ती वाचता न येणारी पोरं. तो उठून गेला.

शाळेत एकाच बाकावर बसायचो. मी कविता म्हणायचो, तो पाटीवर तिचं चित्र काढायचा. कवितेत चार बगळे असले तर पाटीवर पाच. विचारलं की म्हणायचा, पाचवा तुला उद्या सुचेल.

१८ जून
पुतणीचा फोन. बाबांना आता समोरचा चेहरा मधोमध दिसत नाही, कडेकडेने दिसतो. या रविवारी या हं, नाहीतर गाठोडं बांधून नेईन. म्हटलं, येतो, पण रिकाम्या हाताने नाही. योजना अशी: बेचाळीसही फुगे नव्याने लिहायचे. जुन्या ओळी घाईच्या होत्या. शेवटच्या पानावर दोघे हात मिळवतात, तिथे माझी माफी, मेघगर्जाच्या तोंडून.

२२ जून, रविवार
अकरा फुगे झाले. मग यमक अडलं. अर्धी माफी घेऊन कुणाच्या दारात जाऊ नये. पुढच्या रविवारी.

२६ जून, गुरुवार
झाले! सगळे चिकटवले. जुन्यांपेक्षा मोठे आहेत, पण आशयही मोठा आहे. दुकानदार म्हणाला, आजोबा, हा गोंद एकदा बसला की बसला. म्हटलं, तसाच हवा. शेवटचा फुगा अर्ध्या पानाचा:

थांब सख्या रे, सोड न हाता,
वैरी अपुला एकच आता.

अशा बावीस ओळी. स्वतःलाच तीनदा मोठ्याने वाचून दाखवल्या. धाकटा वाचेल तेव्हा काय होईल! एवढं दिसेलच त्याला. डॉक्टर वाढवून सांगतात.

२९ जून, रविवार, संध्याकाळ
गेलो.

धाकटा खिडकीपाशी खुर्चीत होता. मी दारात उभा, तरी कोण आहे म्हणाला. पुतणीने सांगितलं, काका. तो म्हणाला, दादा, चप्पल अजून तशीच फरफटवतोस. गुरुवारपासून काहीच दिसत नाही त्याला.

शेजारी बसून बावीस ओळी वाचल्या. त्याने मान खाली घालून ऐकल्या. छान आहे म्हणाला. मग म्हणाला, आता चित्र सांग. म्हटलं, दोघे आहेत. तो म्हणाला, अरे शहाण्या, ते मीच काढलंय. मौनीचा एक हात मेघगर्जाच्या हातात आहे. दुसरा कुठे आहे? चार दिवस आठवतोय. त्याच्या खांद्यावर ठेवला होता, की नव्हता ठेवला?

पान बघितलं. खांद्याच्या जागी माझ्या ओळी. नखाने कड उचलली. फुग्याबरोबर पानही सोलवटून आलं. खाली नुसता भुरभुरा पांढरा कागद.

त्याने विचारलं, काय फाटलं? पुतणी बघत होती.

म्हटलं, खांद्यावर. खांद्यावर आहे.

तो म्हणाला, बरं झालं. माझा हात चाचपून धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

घरी येऊन जुना छापील अंक काढला. तिथेही माझाच फुगा, लहान, पण नेमका तिथेच. मूळ पान मात्र तीन आठवडे फुग्याशिवाय माझ्या टेबलावर उघडं पडलं होतं. मी यमक शोधत होतो.