गळा पंधरा

४ मार्च
दादाच्या शर्टाचं माप घेतलं. दोन वर्षांनी स्वारी पुन्हा ऑफिसला निघालीय. गळा पंधरा भरला! जानेवारीत साडेचौदा होता. म्हटलं, बाळसं धरलंय. टेप सरकवताना कानाखाली बोट अडलं. कोटाच्या बटणाएवढी गाठ.
"दुखते?"
"छे! टेलर, तू तुझं शिवण बघ."

७ मार्च
गाठीचा तुकडा तपासायला गेला. वहिनी म्हणते, सर्दीची असेल. मीही हो ला हो केलं.
त्याच्या रक्ताच्या कॅन्सरवर माझ्या मूळपेशी दिल्या त्याला बावीस महिने झाले. त्याचा रक्तगटसुद्धा आता माझाच आहे. तेव्हापासून चिडवतो — "तुझा सगळा खडूसपणा माझ्यात उतरलाय."

१५ मार्च
कॅन्सर. जुना रक्ताचा नाही, तो गेलाय! हा नवाच, गाठींचा. क्वचितच होतो म्हणे.
डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या, "या गाठीतल्या पेशी दात्याच्या आहेत." वहिनीने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. दाता म्हणजे मी!
बाई सांगत होत्या — पेशी भावाच्या अंगात गेल्यावर बिघडल्या असतील, किंवा आधीच काही असेल, तुम्हालाही तपासू. "मागे कधी गाठ वगैरे आली होती?"
मी "आठवत नाही" म्हणाले.

१६ मार्च
आठवतंय. चांगलं आठवतंय!
दात्याचा फॉर्म दादानेच भरला होता, हॉस्पिटलच्या खाटेवर बसून. जन्म कारकुनीत गेला. घरातला कुठलाही फॉर्म दुसऱ्या कुणी भरलेला त्याला चालत नाही. पेन उचलून विचारलं, "कुठे गाठ, सूज?" नाही म्हटलं. "नक्की?" "नाही म्हटलं ना!"
महिनाभर आधी माझ्या काखेत गाठ आली होती. पंधरा दिवसांत आपोआप विरली. सांगितलं असतं तर मला बाद केलं असतं, आणि जुळणारी मी एकटीच होते. एवढ्याशा गाठीचं काय, असं वाटलं.

१७ मार्च
डावी बाही उजवीकडे लावली. उसवली. पुन्हा तशीच लावली.

१९ मार्च
बाईंना खरं सांगितलं. रागावल्या नाहीत, लिहून घेतलं. मग दादाला सांगितलं. वहिनी उठून बाहेर गेली.
तो म्हणाला, "मी दोनदा विचारलं होतं तुला."
एवढंच. मला रडूसुद्धा येईना.

२ एप्रिल
त्याचे उपचार सुरू झाले. माझ्याशी बोलत नाही. माझ्याही तपासण्या झाल्या. शर्ट शिवून तयार आहे, कुणाकडे देऊ?

९ एप्रिल
माझा रिपोर्ट आला. तोच आजार. मला काही म्हणजे काही होत नव्हतं — त्याच्या गाठीमुळे कळलं!
दादा सलाइनचा स्टँड ढकलत आला. माझ्या हातातला हॉस्पिटलात दाखल व्हायचा फॉर्म ओढून घेतला, पेन काढलं. "कुठे गाठ, सूज?" असं विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत 'हो'वर खूण केली.