रेशन कार्डामागचा शिक्का

अण्णा,

आपलं जुनं रेशन कार्ड माझ्याकडे आहे. आई गेल्यावर तिची पेटी मी उघडली, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं सापडलं. तुमचं नाव, आईचं, माझं, धाकट्याचं, आणि मागच्या बाजूला कोर्टाचा तो जांभळा शिक्का. शिक्क्यात पेनाने लिहिलेला केस नंबर अजून वाचता येतो. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आईला सहा महिने. तुम्हाला काही लिहावं असं इतक्या वर्षांत कधी मनात आलं नाही. आजही आलं असं नाही, पण हा कागद माझ्या पर्समध्ये आहे आणि त्याबद्दल दुसऱ्या कोणाशी बोलता येत नाही.

धाकट्याने मुलुंडला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीच्या आधी मी तुमचा आणि आईचा फोटो फ्रेम करून नेला. आईचा त्याने हॉलमध्ये लावला, हारही घातला. तुमचा पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाला, "ताई, हा तुझ्याकडेच ठेव. उद्या पोरं विचारतील आजोबांचं, तर काय सांगू? आत जाऊन आले होते?" मी म्हटलं, "केस कसली होती ते तरी माहितीय का तुला?" "तुला माहितीय?" मलाही माहीत नव्हतं. "मग काढ ना कागद. काही भलतंच निघालं तर मी स्वतः खिळा मारतो, बास?" शाळेच्या ऑफिसात माझी बावीस वर्षं अर्ज लिहिण्यात आणि फायली शोधण्यात गेली, म्हणून मी कामाला लागले. तुमच्यावर विश्वास होता म्हणून नाही. हे आधीच सांगून टाकते.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. धाकटा सातवीत आहे, मी दहावीत. तो रेशनच्या दुकानातून साखर न घेताच परत आलाय. सगळ्या रांगेसमोर दुकानदाराने कार्ड उलटं करून विचारलंय, "काय रे, बाप आत होता काय तुझा?" तुम्ही नुकतेच स्टुडिओतून आलेले. दिवसभर सेट ठोकून केसांत लाकडाचा भुसा तसाच आहे. धाकटा कार्ड तुमच्यासमोर आपटतो आणि तेच विचारतो. आई स्टोपाशी भाकरी भाजतेय, आमच्याकडे पाठ करून. तुम्ही तिच्या पाठीकडे बघता, मग कार्डाकडे. "होय," तुम्ही म्हणता. "मे महिन्यात. तुम्ही दोघं गावाला काकाकडे होता तेव्हा. दोन दिवस होतो." "पण कशासाठी?" "झालं कायतरी. आता तो विषय नको या घरात." मग तुम्ही पिशवी उचललीत आणि स्वतःच साखर आणायला गेलात. त्यानंतर रेशनला कायम तुम्हीच जायचात.

विषय बंद झाला, पण आम्ही तो कधी सोडला नाही. बारावीला तुम्ही मला अभ्यासाला टेबल करून दिलंत. सेटवरच्या उरलेल्या प्लायचं होतं, खालच्या बाजूला निळं आकाश आणि अर्धा ढग रंगवलेला. मी हात लावायच्या आधी विचारलं, "चोरलेलं नाही ना?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या टेबलावर तुमच्या मुकादमाची चिठ्ठी होती, सहीनिशी, की भंगारातलं प्लाय घरी न्यायला परवानगी दिली आहे. त्या चिठ्ठीवर पेन्सिलचा डबा ठेवून मी अभ्यासाला बसले. मला बघायला पाहुणे आले तेव्हा मीच तुम्हाला म्हटलं होतं, "तुम्ही जास्त बोलू नका, अण्णा, आई बोलेल." तुम्ही पाहुण्यांच्या चपला नीट लावून ठेवल्यात आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलात.

आधी मी पोलीस ठाण्यात गेले. काउंटरवरचे हवालदार भला माणूस. "ताई, मोबाइलवर दिसतं ते आत्ताचं. एवढं जुनं कोण शोधणार? माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, बघू." मी अर्ज लिहिला, कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं, पोच घेतली. महिन्याभराने पत्र आलं, की सदर नावाच्या इसमाची त्या वर्षीच्या अटक नोंदवहीत नोंद आढळून येत नाही. हायसं वाटायला हवं होतं. मला काहीच वाटलं नाही. धाकट्याला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाला, "नाव मिळत नाय म्हणजे दबवलं असेल गं. शिक्का काय आभाळातून पडला?"

मग कार्ड घेऊन मी कोर्टात गेले. नकला देणाऱ्या खिडकीत निवृत्तीला आलेल्या एक बाई होत्या. त्यांनी चष्मा वर करून शिक्का बघितला. "काय पायजे तुम्हाला?" "माझ्या वडिलांच्या अटकेचे कागद." "त्यांना कुठे अटक झालीय?" त्या म्हणाल्या. "अहो, हा जामिनाचा शिक्का आहे. आरोपीच्या कार्डावर नाय मारत, जामीन राहतो त्याच्या कार्डावर मारतात, म्हणजे तेच कार्ड घेऊन तो दहा जणांना सोडवत फिरणार नाय. तुमच्या वडिलांनी कोणालातरी सोडवलंय, ताई." मला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. शिक्का म्हणजे बाप आत, हे रेशनवाला म्हणाला, आम्ही मानलं, आणि तुम्ही होय म्हणालात.

केसचे कागद कधीच नष्ट झाले होते, रजिस्टर मात्र होतं. उतारा मिळायला तीन खेपा पडल्या. त्यावर आरोपीच्या रकान्यात आईचं नाव आहे, अण्णा. वय बत्तीस, धंदा घरकाम. ती टॉवरमधल्या ज्या बाईंकडे जेवण बनवायला जायची, त्या फिर्यादी. सोन्याची साखळी. पुढे तारखांना फिर्यादी आल्याच नाहीत आणि आरोपी सुटली, एवढंच. तिने घेतली होती की नव्हती हे त्या कागदावर नाही. त्या जूनमध्ये आम्ही गावाहून परत आलो तेव्हा आईने घरकाम सोडलं होतं, गुडघे दुखतात म्हणाली होती. तुम्ही सुतारकामातले खाडे करून तिच्याबरोबर तारखांना जात असाल. आम्हाला वाटायचं, कामावर दांड्या मारता.

उतारा घेऊन मी दिंडोशीला उतरले, उसाचा रस प्यायले, घरी आले, कुकर लावला. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. आईवर राग येईल असं वाटलं होतं, तोही नाही. राग आला तो तुमचा. धाकट्याला नाही तर नाही, निदान मला एकदा सांगायचं होतंत. तुमच्या शेवटच्या आजारात मी दिवसच्या दिवस उशाशी बसून होते, कर्तव्य म्हणून, आणि तुम्ही छताकडे बघत होता. त्या वेळी आई बाहेर असायची. चार शब्दांचं तर काम होतं.

काल धाकट्याचा फोन आला. मी भाकऱ्या करत होते, फोन स्पीकरवर ठेवला. "काय गं, लागलं का काही हाताला?" कागद समोर ओट्यावरच होता. खरं सांगितलं तर तो तुमचा फोटो लावेल, शब्दाचा पक्का आहे. आणि आईचा उतरवेल. तिचा हार तो रोज बदलतो, अण्णा, कामावर जायच्या आधी. मी म्हटलं, "जुनं रेकॉर्ड नष्ट झालंय." "म्हणजे होतेच ना आत?" मी तव्याकडे बघितलं आणि म्हटलं, "होय."

तुमचा फोटो आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, रेशन कार्डाबरोबर त्याच पिशवीत राहील. एक मात्र अजून कोणाला सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी तुम्ही होय म्हणालात तेव्हा आईचा हात थांबला होता. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली तरी तिने ती उलटली नाही. धाकट्याला दिसलं नव्हतं, मला दिसलं होतं. ती भाकरी नंतर तुम्ही खाल्लीत, तेही दिसलं. मी विचारलं नाही.