ईशानीचा लॅपटॉप आणि माझी पद्धत

१२ जून, गुरुवार

आमच्या लेकीला, ईशानीला, बी.एस्सी. आयटीला प्रवेश मिळाला. कॉलेज भिवपुरीजवळ, म्हणजे घरून जाऊन-येऊन. लॅपटॉप लागणार. जेवताना जाहीर केलं की निवड मी करणार. खोपोलीच्या कारखान्यात उभं आयुष्य पर्चेसला गेलं. तीन कोटेशन्स आल्याशिवाय तिथे मी खिळा घेऊ दिला नाही. आग विझवायची नळकांडी यायला दोन वर्षं लागली, पण आली ती योग्य भावात. मधल्या काळात आग लागली नाही, हेही लोक विसरतात.

ईशानी म्हणाली की कॉलेजने सांगितलंय तसा साधासा चालेल, बाजारात स्वप्नीलच्या दुकानात आहे. मी विचारलं, त्यात कोअर किती? तिला सांगता येईना. मलाही ठाऊक नव्हतं, पण प्रश्न मी विचारला होता. विषय संपला.

चारुलता म्हणाली, कॉलेज एक तारखेला सुरू होतं. बायको शाळामास्तरीण. तिला घंटा वाजली की वर्गात जायची सवय. खरेदी अशी होत नाही.

१५ जून, रविवार

स्वप्नीलच्या दुकानात पहिली भेट. पोरगा विनम्र. कुणासाठी हवाय, कोणता कोर्स, असं विचारू लागला. त्याला सांगितलं की तो विषय गौण आहे, आधी टेक्निकल लिटरेचर दे. त्याच्याकडे नव्हतं. मग बसायला खुर्ची दिली. दुपारपर्यंत बसलो. मधे तीन गिऱ्हाइकं आली, तिघांनाही सल्ला दिला. तिन्ही काही न घेता गेली. विचार करायला शिकवलं की असंच होतं.

स्वप्नीलवर माझी छाप पडली आहे.

२ जुलै, बुधवार

कॉलेज सुरू. ईशानी मोबाइलवर प्रोग्रॅम लिहिते. मान खाली, नाक काचेला. मी म्हटलं, डोळे जातील. तर विचारते, लॅपटॉप कधी? तिला शांतपणे समजावलं की नवीन प्रोसेसर येऊ घातलाय. ती म्हणाली, तो दर वर्षी येतो. म्हणूनच तर घाई करू नये.

अर्धी पोळी टाकून उठली. अन्न टाकण्यावर बोलावं लागलं. बराच वेळ बोललो.

१३ जुलै, रविवार

चौक गावाला गेलो. मालोजी भेटला. कारखान्यात माझ्या हाताखाली स्टोअरला होता, आता ढाब्याशेजारी पंक्चरचं दुकान टाकलंय. त्याची सुरभीही यंदा कॉलेजला, तिलाही लॅपटॉप हवाय. त्याने दोन्ही हात जोडून विचारलं, सायेब, तुमीच सांगा कुठला घेऊ.

मी जागच्या जागी निर्णय दिला. कंपन्यांतून निघालेला सेकंडहँड घे. लोखंडासारखी बॉडी. विकणाऱ्या ओळखीच्या माणसाचा नंबरही दिला. त्याने तिथल्या तिथे फोन लावला. अशी श्रद्धा हल्ली दिसत नाही.

घरी सांगितल्यावर ईशानी म्हणाली, मग मलाही तसाच घेऊन टाका. मी म्हटलं, मालोजीचं वेगळं. आपल्याला नीट बघून घ्यायचाय.

२८ जुलै, सोमवार

ईशानीची असाइनमेंट मोबाइलवरून नीट गेली नाही. मार्क कापले. मुसमुसत होती. अशा वेळी बापाने घरात बसून चालत नाही. तिला न सांगता कॉलेजात गेलो. तास चालू होता. मॅडमना दारातूनच खरेदीची प्रक्रिया समजावली. दोष तिचा नाही, असंही सांगितलं. मुळात तिचं गणित लहानपणापासून कच्चं, सातवीत तर आम्ही आशा सोडली होती, तेव्हा जरा सांभाळून घ्या. वर्गात पोरं हसली. वातावरण मोकळं झालं.

येताना स्कूटरवर मागे बसायचं सोडून ईशानी चालत स्टेशनकडे गेली. व्यायाम चांगलाच.

घरी चारुलताने विचारलं, तुम्ही खरंच वर्गात हे बोललात? मी हो म्हटलं. तिने पुढे काही विचारलं नाही. पटलं असावं.

५ ऑगस्ट, मंगळवार

ईशानीने लॅपटॉपचं नाव काढणं बंद केलं आहे. अखेर पोरीला संयम कळला.

शेलूला तिची मैत्रीण राहते, अंतरा. नवीन बिल्डिंगमध्ये. तिच्या लॅपटॉपवर दोघी मिळून अभ्यास करतात म्हणे. कॉलेज सुटलं की ईशानी परस्पर तिकडे जाते, दिवेलागणीला येते. कधी तिथेच राहते. एका यंत्रात दोन कामं. हेच मी कारखान्यात सांगत होतो, तर युनियनवाले अंगावर आले होते.

चारुलताही बदलली आहे. म्हणाली, नीट बघूनच घ्या, पनवेललाही दोन-चार दुकानं आहेत. डबा भरून दिला. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या कामाची कदर पहिल्यांदाच झाली.

१६ ऑगस्ट, शनिवार

जीएसटी कमी होणार अशी बातमी! स्वप्नीलकडे जाऊन त्याला आणि दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं की आत्ता घेणारा मूर्ख. स्वप्नील म्हणाला, काका, थोडं हळू बोला. व्यापारी माणूस, सत्य झोंबतंच.

ठराव: दर बदलेपर्यंत थांबणे.

३१ ऑगस्ट, रविवार

मालोजीचा फोन. सुरभीची ऑनलाइन परीक्षा चालू असताना लॅपटॉप बंद पडला, तो पुन्हा उठला नाही. विकणारा फोन घेत नाही. मी विचारलं, घरात व्होल्टेज किती येतं? स्टॅबिलायझर लावला होता का? उशीवर ठेवून वापरायची का? अशा वस्तूला वापरणाराही लायक लागतो, हे मोकळेपणाने सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सायेब, तुमी सांगितलं म्हनून डोळं मिटून घेतला. आता पोरगी माज्याशी बोलत नाय."

फोन बंद झाला. मी दोनदा लावला. चौकला रेंजचा प्रॉब्लेम आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

नवे दर लागू. लॅपटॉपवर जीएसटी होता तेवढाच. पनीरवरचा मात्र गेला. घरी सांगितलं की थांबल्याचा फायदा झाला. चारुलता म्हणाली, हो ना, आज मटार-पनीर करते.

दुकानात गेलो तर मी पायरी चढताना स्वप्नील आतल्या खोलीत शिरला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, बाहेर गेलाय. मी खुर्चीवर थांबलो. आतून शिंक आली. जेवायच्या वेळेला तो बाहेर आला. स्टॉक मोजत होतो म्हणाला. मेहनती आहे. त्याला स्टॉक कसा मोजावा यावर थोडं मार्गदर्शन केलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ईशानी इंटर्नल परीक्षेत वर्गात पहिली!

संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. घरात लॅपटॉप नसताना पहिली. याला म्हणतात संस्कार. गरज आणि चैन यांतला फरक मी तिला शिकवला, त्याचं हे फळ. मेव्हणा फोनवर म्हणाला, तिला लॅपटॉप नाही? मग ती परवा मला दाखवत होती तो... मागून त्याची बायको काहीतरी बोलली आणि तो एकदम पावसाबद्दल बोलू लागला. त्याला पहिल्यापासून एका विषयावर टिकता येत नाही.

ठराव: बक्षीस म्हणून दिवाळीत लॅपटॉप देणे. कुणाला न सांगता. मुलीचा चेहरा बघायचा आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

घेतला!

स्वप्नील विचित्र वागला. मी घेतो म्हटल्यावर आनंद व्हायला हवा, तर म्हणाला, काकूंना विचारलंत का? मी म्हटलं, सरप्राइज आहे. तो म्हणाला, तरी एकदा विचारा. मग म्हणाला, दिवाळीनंतर या. मग म्हणाला, काका, खरं सांगू का, राहू द्या. विकायची इतकी नावड असलेला दुकानदार मी पाहिला नाही. शेवटी आवाज चढवावा लागला.

मी अभ्यासलेलं एकही मॉडेल आता निघत नाही. शेवटी जो समोर मांडला होता तोच घेतला. रंग राखाडी, शोभून दिसतो. दुकानातच सील फोडून सगळीकडून तपासला. कोअर किती ते विचारायचं राहिलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

ईशानी सकाळीच शेलूला गेली होती. खोका पायांत धरून स्कूटरवरून नेरळमार्गे गेलो. बिल्डिंगखाली रांगोळ्या. हातावर ठेवताना काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. लांबवायचं नाही, मोजकं.

अंतराच्या आईने दार उघडलं आणि मला बघून आत हाक मारली नाही, आधी दारातच उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्यावरून दिसलं. खिडकीपाशी टेबल, टेबलावर दोन लॅपटॉप. एकापुढे अंतरा, दुसऱ्यापुढे ईशानी. ईशानी हसत होती. मान मागे टाकून, मोठ्याने. ती अशी हसते हे मला माहीत नव्हतं.

मला पाहिलं आणि हसू थांबलं.

तिच्या पुढ्यातला लॅपटॉप वापरलेला दिसत होता. झाकणावर स्टिकर, हात टेकून टेकून कडेला चकाकी आलेली. हा कुणाचा, असं विचारलं. अंतरा उठून आत गेली.

ईशानी म्हणाली, "माझा. आईने ऑगस्टमध्येच घेऊन दिला. स्वप्नीलदादाकडून."

मी म्हटलं, मग घरी का नाही आणला? ती म्हणाली, "तुम्ही परत करायला लावला असता. नाहीतर रोज शेजारी बसला असतात."

मी म्हटलं, मग मी एवढे महिने जे शोधत होतो ते? कुणी सांगायचं नाही?

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. धडा वाचून दाखवावा तशी म्हणाली, "तुम्ही शोधत होतात तोवर घरात बरं होतं, बाबा. तुम्ही बाहेर असायचात."

अंतराच्या आईने चकलीची बशी पुढे केली. मी एक घेतली. चांगली झाली होती, तसं सांगितलं. खोका तिथे ठेवून निघालो तर ईशानी जिन्यातून धावत खाली आली. मला वाटलं, आली. तिने खोका स्कूटरवर माझ्या पायांत ठेवला आणि त्याचा पट्टा नीट लावून दिला.

२० ऑक्टोबर, सोमवार

स्वप्नील परत घेत नाही. सील फुटलंय. दर तीन-चार दिवसांनी खुर्चीवर येऊन बसत होतो, सांगितलं का नाहीस, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, काकूंनी हात जोडले होते, काका.

चारुलताला विचारायचं ठरवलं होतं. ती करंज्या भरत होती. मी समोर उभा राहिलो. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "कॉलेजातून आलात त्या दिवशी पोर न्हाणीघरात दार लावून बसली होती. मग मी घेतला." आणि करंजीची कड दाबली.

मला यावर बरंच बोलायचं होतं. मुद्देही काढले होते. पण करंज्या तळायला झाल्या होत्या.

एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. चारुलताने एकाही कोटेशनशिवाय घेतला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

पूजेत नवा लॅपटॉप मांडला. कुंकू लावलं. ईशानीने नमस्कार केला, लॅपटॉपला.

रात्री जेवणानंतर सुरू करून बघितला. हे यंत्र कोण वापरणार आहे, असं पडद्यावर इंग्रजीत विचारत होता. माझं नाव घातलं. पासवर्ड मागितला. विचार करून घालू म्हणून बंद केला. घाई करू नये.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

ईशानीचा लॅपटॉप आता उघडपणे घरात आलाय. ती दिवाणखान्यात बसून काम करते. पाणी प्यायला तिच्या मागून गेलो, तर तिने पडदा थोडा तिरका केला. उजेड येत असावा.

दुपारी चारुलता स्वतःहून माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, झालं ते झालं. आपलं वॉशिंग मशीन अगदी टेकीला आलंय, आता नवीन बघायला हवं. ते काम तुम्हीच करा. या वेळी तीन नको, पाच कोटेशन्स घ्या. खोपोली बघा, पनवेल बघा, बदलापूरलाही चांगली दुकानं आहेत म्हणतात. डबा मी देत जाईन.

पाच! पद्धत कळायला तिला वेळ लागला, पण कळली. माणूस चुकतं, शिकतं. मी मोठ्या मनाने हो म्हटलं. दिवाणखान्यातून ईशानीही म्हणाली, बाबा, नीट बघूनच घ्या.

क्षमता किती लागेल त्याचा अंदाज घ्यावा म्हणून मागच्या पडवीत गेलो. मशीन चालू होतं. आत दिवाळीच्या चादरी होत्या. थांबून बघितलं. पाणी घेतलं, फिरलं, पाणी सोडलं, पिळलं. आवाजसुद्धा नाही. शेवटी शिट्टी वाजवून आपोआप बंद झालं.

कुणी बघायच्या आत घरात आलो.

उद्या सकाळी लवकर निघतो. आधी बदलापूर. ते लांब पडतं.