जोडीची फुलं

२ मार्च १९९६, मॉस्को
रस्त्यावर बर्फ आणि चिखल एकच. गावाकडं सुप्याच्या कंपनीत टिकलो नाही, इथं मात्र दुसरा हिवाळा चाललाय. हॉटेलात तंदूर कोल्हारच्या भिमादाचा, कणीक माझी. लेना वर हॉलमध्ये गाते. गाण्याआधी खाली आमच्यात येऊन जेवते. आज म्हणाली, "नामा, मीठ कमी."
सेर्गेई रोज कोपऱ्यातल्या टेबलावर. मालकाकडून हप्ता घेतो, जाताना लेनाला गाडीत घालून नेतो. तिला विचारतो का, माहीत नाही.

५ मार्च
दारावरच्या आंद्रेईनं जुने हातमोजे दिले. "तुझे हात बघवत नाहीत."
भि.दा : "लेनाकडं बघत मळतोस, म्हनून रोट्या रबरावानी व्हत्यात."

८ मार्च
आज इथं बायांना फुलं द्यायचा सण. दोन लाल घेतली. एकटं फूल कसं द्यायचं, आपल्याकडं विड्याची पानंसुद्धा दोन लागतात. ती यायच्या आधी तिच्या आरशापुढं ठेवून आलो. नाव सांगितलं नाही.

९ मार्च
उलटंच झालं. भांडीवाली मावशी म्हणाली, इथं जोडीनं फुलं फक्त मयताला. जित्या माणसाला एक, नाहीतर तीन.
सेर्गेईनं बघितली. त्याला वाटतंय, दुसऱ्या टोळीनं लेनाला मारायची धमकी धाडली. आत कोणाला सोडलं म्हणून आंद्रेईला मागच्या अंगणात नेलं. उजवा हात मोडला. तो सांगणार काय, बाहेरचं कुणी आलंच नव्हतं.
भि.दाला सांगितलं. तंदुरातली रोटी काढून ताटात टाकली त्यानं.
"तिसगावच्या बाजाराला आल्तास व्हय, फुलं घ्यायला?" मग म्हणाला, "गप ऱ्हा. त्वांड उघडलंस तर आपन दोघंबी..."

११ मार्च
लेना आली, जेवली नाही. दोन बोटं वर केली, मग माझ्याकडं दाखवलं. मी हो म्हणून मान हलवली. हसली. तशी हसताना आधी बघितली नव्हती.
सेर्गेई घाबरलाय. तिला शुक्रवारच्या गाडीनं आईकडं रीगाला पाठवतोय, थोडे दिवस. ती म्हणते, सोव्हिएत फुटल्यापासून तो दुसरा देश, तिथं त्याची माणसं नाहीत, परत येणार नाही. "शुक्रवारपर्यंत कुणाला बोलू नको."
तू पण ये म्हणेल म्हणून थांबलो. तेवढं बोलली नाही.

१३ मार्च
आंद्रेईची बायको मागच्या दारात. नाव सांगायला सेर्गेईनं त्यालाही शुक्रवारपर्यंतच मुदत दिलीय. नाहीतर जिवावर. भि.दानं रोट्या बांधून दिल्या.
ती गेल्यावर म्हणाला, "सांगायचंच आसंल तर लेनाची गाडी सुटल्यावर सांग. धमकी न्हाई कळलं तर त्यो तिला जाऊ देनार न्हाई."
"आणि तवर आंद्रेई?"
"मला काय इचारतो? फुलं मला इचारून ठेवली हुती का?"

१५ मार्च, शुक्रवार
लेना सकाळीच स्टेशनवर गेली. गाडी संध्याकाळची.
सेर्गेई आज लवकर आलाय. आंद्रेईला समोर बसवलंय, मोडका हात गळ्यात बांधलेला. दोघांना नान पाहिजेत. भाजून होईपर्यंत हे लिहितोय.
भि.दा : "वर मी नेतो. तू हितंच थांब."
म्हणालो, मीच नेतो.
"नेऊन काय बोलनार हायस?"
"जिना चढंपर्यंत ठरंल."
ताट भरलं त्यानं. हातात देईना.