टोक असलेलं नाणं

चिंचवड, मंगळवार, ६ मार्च १९५६

बेबीच्या गळ्यातला काळा दोरा तसाच आहे, पण त्यातला चांदीचा तुकडा नाही. घर झाडून काढलं, गोधड्या झटकल्या. गिळला असेल का तिनं?

सासूबाईंचे आजोबा जहाजावर होते, त्यांनी तो कुठल्याशा बेटावरून आणला. तिथे मोड मिळायची नाही, म्हणून सरकारच नाणं छिन्नीनं तोडून चार तुकडे करायचं आणि प्रत्येकावर शिक्का मारायचं. आमचा तुकडा पाचरीसारखा, एका बाजूला टोक. दृष्ट लागू नये म्हणून सासूबाईंनी भोक पाडून बांधला. बोचेल, म्हटलं होतं मी. "अगो, आम्ही सगळ्यांनी घातलाय तो," म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, "गोल नाणं असतं तर केळी चारा म्हटलं असतं. याला टोक आहे. उद्या सकाळीच पुण्याला नेऊन पोटाचा एक्स-रे फोटो काढा." हे दुसऱ्या पाळीला गेलेत, त्यांना अजून काहीच माहीत नाही.

बेबी हसतेय, खेळतेय. तिला उचकी लागली की माझा जीव जातो. ते टोक आत्ता कुठे असेल?

मघाशी मी दोरा काढायला गेले, तर सासूबाईंनी माझा हात धरला. मग वाकल्या आणि स्वतःच तो दातांनी तोडला.