खवल्याची चोवीस पानं

२ ऑक्टोबर, पहाटे
आजपासून रोज लिहिणार. नोकरीभर दुसऱ्यांच्या शाळेत जाऊन शेरे मारले, आता स्वतःचं पुस्तक. नाव: 'खवल्या घरी निघाला'. खवल्या म्हणजे खवल्या मांजराचं चुकलेलं पिल्लू. चोवीस पानं, फक्त गोष्ट. प्रकाशकही मीच, म्हणजे कोणाची कटकट नाही. बालदिनाला एटापल्लीकडच्या आश्रमशाळेत प्रकाशन.
तिथल्या चौथीतल्या करिश्माला शब्द दिलाय. निवृत्तीआधी शेवटच्या भेटीला गेलो तेव्हा गोष्ट सांगत होतो. खवल्या नाल्याशी आला आणि जेवणाची घंटा झाली. पोरं ताटं घेऊन पळाली, ही एकटी उभी. मंग घरी गेला का तो, म्हणे. तिचं स्वतःचं घर जंगलात पार आत, सुट्टीशिवाय जाणं नाही. म्हटलं, पुस्तकात वाच. पहिलं पान तुझ्या नावानं.

९ ऑक्टोबर
अहेरीत विक्कीकडे गेलो. डीटीपी, लग्नपत्रिका, बॅनर, चित्रं, सगळं तोच. खवल्या झकास काढलाय, नाक अगदी बरोबर. चोवीसच्या वर एकही पान झेपणार नाही, असं त्याला बजावलं. तो म्हणे, काका, शुभेच्छा संदेश किती? म्हटलं, एकही नाही. लेकरांचं पुस्तक आहे, स्मरणिका नव्हे.

१३ ऑक्टोबर
पंचायत समितीचे सभापती साहेब भेटले. शंभर प्रती उचलतो म्हणाले, एक संदेश टाका फक्त. एकानं काय होतं! फोटोसकट एक पान. गोष्टीतला मुंग्यांचा प्रसंग काढला. तसाही लांबला होता.

१९ ऑक्टोबर
सभापतींचा संदेश आहे म्हटल्यावर माजी सभापतींचा नको? रस्त्यात गाठून विचारलं त्यांनी. पतसंस्थेच्या अध्यक्षांनी तर संदेश लिहूनच पाठवला, त्यात खवल्याचा उल्लेख 'खारूताई' असा आहे. असो, भावना महत्त्वाची.
नंदिनी म्हणाली, तुमच्याच्यानं कोनाले नाई म्हननं होत नाई. बायकोला व्यवहार कळत नाही. याला संपर्क म्हणतात.

२७ ऑक्टोबर
संदेश सात. आता दार बंद. यापुढे देव आला तरी नाही.

२८ ऑक्टोबर
संदेश आठ. साळा आला होता. काऊन भाऊजी, आमी मान्यवर नाई का, म्हणे. हिच्यासमोर काय बोलणार?

५ नोव्हेंबर, रात्री
संदेश नऊ. माझं मनोगत तीन पानं, त्यात काटछाट अशक्य, कळकळीनं लिहिलंय. विक्की म्हणे, काका, गोष्ट मावून नाई राह्यली. म्हटलं, शेवट थोडा आवळून घे. त्यानं आवळला नाही, तोडलाच. गोष्ट नाल्यापाशी थांबते. करिश्माच्या अर्पणाचं पानही गेलं. दोन तास सुचेना. मग लक्षात आलं, हल्ली ओपन एंडिंगचीच फॅशन आहे. छापायला सांगितलं.

१४ नोव्हेंबर, परतीच्या गाडीत
प्रकाशन झालं. हार, भाषणं, पोरांना केळी. करिश्मा पहिल्या रांगेत होती. पान उलटलं, माणूस. पुन्हा उलटलं, माणूस. आपलं नाव शोधत असावी. मी पाण्याची बाटली शोधत राहिलो.
वाचून झाल्यावर माझ्याकडे आली. हे सारे खवल्याचे कोण लागतेत, विचारलं. म्हटलं, मान्यवर आहेत. ती म्हणे, मंग एकानंबी त्याले नाला पार करून देल्ला नाई काय?
ओपन एंडिंग समजावू लागलो. तिनं पुन्हा शेवटचं पान उघडलं. मग म्हटलं, बस, आत्ताच सांगतो पुढचं. नाल्याला पूर, इथवर आलो आणि सभापती साहेबांनी हॉर्न दिला. गाडी त्यांची, परत यायला दुसरी सोय नाही. उठलो. तिनं हाक मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं.

१६ नोव्हेंबर
दुसरी आवृत्ती काढणार! फक्त गोष्ट. पहिलं पान करिश्माचं. फोटो एकही नाही. ठाम.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी
सभापती साहेबांचा फोन. दुसऱ्या आवृत्तीत आमच्या बंधूंना घ्या म्हणाले, पहिल्या पानावर, कोपऱ्यात, छोटासा. हो म्हटलं. कोपराच तर आहे.

२१ नोव्हेंबर
आश्रमशाळेच्या सरांनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. करिश्मानं तिच्या प्रतीतले सगळे फोटो कात्रीनं कापलेत. सभापती, माजी सभापती, अध्यक्ष, साळा, सगळे. एका मोठ्या कागदावर नाला काढून त्यात ओळीनं दगडांसारखे चिकटवलेत, आणि खवल्या त्यांच्या डोक्यांवर पाय देत पलीकडे चाललाय. मागच्या कव्हरवरचा माझा फोटोही सोडला नाही. शेवटचा दगड मी. त्याचा पाय नेमका चष्म्यावर. माझ्यानंतर लगेच झोपडी, दारात त्याची आई.
मान्यवरांनी पाहिलं तर काय होईल? आधी धडकीच भरली. डिलीट करायला गेलो, नंदिनीनं मोबाइल हिसकावला. पोचला बिचारा एकदाचा, म्हणाली.
मग साहेबांच्या बंधूंचा फोन वाजू लागला. मी उचलला नाही. दोनदा.
तिसऱ्यांदा उचलला.